धोंड्याच्या दिवशी दोन माहेरं

तुझ्या नातवानं मला मंडपात नेऊन गावभरच्या लेकींच्या रांगेत बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला, फोटू काढला, अन् फोटू निघाल्या निघाल्या तोच हार काढून शेजारच्या बाईच्या गळ्यात घातला. तिचा झाला की तिच्या पलीकडचीच्या. हार एक अन् लेकी रांगभर. शेवटच्या लेकीपर्यंत गेला तवर त्याची निम्मी फुलं गळालती अन् नुसता दोरा दिसायलता. हे आधी ऐकून घे. मंग राम राम.

माय, मी बरी हाय. गुडघे सोडून. तू ज्या वयाला गेलीस ते वय मी कवाच मागं टाकलं, म्हणून नात्यानं तू माय असलीस तरी वयानं आता मी थोरली हाय, तवा मधी मधी दटावायचं न्हाई. अक्षर वाकडं दिसंल. तू मला तिसरीतून काढून शेरडामागं धाडलंस, त्याच्यापुढचं मी दुकानाच्या पाट्या अन् ट्रकांच्या मागं लिहिलेलं वाचून शिकले. जोडाक्षर आलं की पेन अजूनबी बुजलेल्या बैलावानी जागीच उभा राहतो. मला लिहिताना बघून तुझी पणती हसायली. म्हणली, आजी, पत्ता काय टाकणार? मी म्हणलं, टाकायचाच न्हाई. मला बोलायचंय, अन् माझी माय मधी तोंड घालणार न्हाई असं पहिल्यांदाच होणार हाय.

मला एकच इचारायचंय. मी गेल्यावर माझ्या अंगावर पहिली साडी कुणाची पडायची? माहेरची, असं तू म्हणशील. ते मलाबी कळतं, त्याला शाळा लागत न्हाई. बाई गेली की शेवटची साडी माहेरची, अन् ती आल्याशिवाय तिला उचलायची न्हाई. पण माहेर कोणतं ते सांग. माझ्याकडं सध्या दोन हाईत, अन् दोन्ही माझ्या मरणावर हक्क सांगायलेत. जितेपणी मला इतकी मागणी कधीच नव्हती.

तुझ्या हिशोबानं तर माहेर म्हंजी तुझा लेक. तुझी चूल मला आजबी दिसती. तू भाकरी थापायलीस, धूर डोळ्यात जायलाय, अन् तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी दुधावरची साय लावून त्याच्या पुढ्यात जायली. माझ्या वाट्याला शेवटची, काठवटीतलं उरलंसुरलं पीठ खरवडून केलेली, जिचा पापुद्राच येत न्हाई ती. मी एकदा म्हणलं, मलाबी साय लाव. तू उलथनं उगारलंस अन् म्हणलीस, "त्याचं खाणं तुझ्याच कामी येणार हाय. उद्या तोच तुझं माहेर." म्हंजी ती साय तू माझं माहेर पोसायला खाऊ घातलीस. मी इतकी वर्षं वाट बघितली, माय. ती साय कुठं जिरली ते मला अजून घावलं न्हाई.

अन् मैतरणींचं तर तुला वावडंच. विहिरीवर मला कोणाशी बोलताना बघितलं की तिथूनच हाक. मी घरात कोणाला आणलं की तिच्यादेखत म्हणायचीस, पाण्याला जायला सोबत लागती म्हणून काय सोबतीला घरात घ्यायचं असतं का. मी ते खरं धरलं. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं मी कोणाच्या दारात बसले न्हाई का कोणाला बसू दिलं न्हाई. सगळे म्हणायचे, पंचरवाल्याची बायको लई तोऱ्याची. तोरा कशाचा, मायीची शिकवण होती.

तू गेल्यावर दोन वर्षं पाऊस न्हाई आला अन् मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका धाब्यात भाकरी थापायला लागले. ह्यांचं पंचरचं दुकान तिथंच सडकंच्या कडंला होतं, म्हणून त्यांनीच शब्द टाकला. तिथं माझ्याआधी दोघी होत्या. एक परळीची. तिचा जन्म गेला औष्णिक केंद्राच्या राखंत. तिकडं म्हणे वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतं. त्यामुळं तिला एक खोड. जे हाती येईल ते आधी झटकायचं. फडकं झटकायची, पदर झटकायची, थापलेली भाकरी तव्यावर टाकायच्या आधी हवेत झटकायची अन् तीबी फाटायची न्हाई. पहिल्या दिवशी मी जाऊन बसले तर तिनं माझा पदर धरून झटकला. मी म्हणलं, मी काय गोधडी हाय का? ती म्हणली, बसायच्या आधी बघते बाई, आत कोण हाय.

दुसरी मेंढरंवाली. तिच्या घरचे आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ, अन् ही गुडघ्यानं अधू झाली म्हणून धाब्यावर. जन्मभर मेंढरांशी बोलून बोलून तिला माणसांशी निराळं बोलता येत न्हाई. गिऱ्हाईक चुलीजवळ आलं की ती "हुर्र, हुर्र" करून त्याला खाटंकडं हाकलायची, अन् मोठमोठे मिशावाले ट्रकवाले गपचिप जाऊन बसायचे. मला ह्या दोघीबी पहिल्या महिन्यात डोळ्यासमोर नको वाटायच्या. एक झटकती, एक हाकलती. मी मधी बसून थापायची. तुझी शिकवण होती म्हणून बोलत न्हव्हते, पण चूल एकच असल्यावर गप तरी किती बसणार. एकीचा जाळ विझला की दुसरीला ढोसावंच लागतं.

त्याच साली धोंड्याचा महिना आला. तुला काय सांगायचं ते, पण कागदावर आलंच पाहिजे म्हणून सांगते. तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो, लेक-जावयाला माहेरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशावानी जाळीदार काहीतरी त्याच्या हातावर ठेवायचं. तू होतीस तवर एकबी धोंडा चुकला न्हाई. तू गेल्यावरचा हा पहिला. मी रोज सडकंकडं बघायची. तुझ्या लेकाचा निरोप आला तो असा की म्हैस व्यायला झालीय, तिच्यातून मोकळं झालं की बघू. म्हैस व्याली, पारडू मोठं झालं, तरी त्याचं बघून झालं न्हाई. पुढच्या धोंड्याला विहिरीचं खोदकाम निघालं. त्याच्या पुढच्याला सुनंच्या अंगावर कांजिण्या उठल्या. तुझ्या लेकाच्या घरी काय व्हायचं ते धोंड्याच्याच महिन्यात होतं.

तर त्या पहिल्या साली मी भाकरी थापता थापता एकदा म्हैशीला शिवी दिली. परळीवालीनं इचारलं, कोणाची म्हैस? मंग माझ्या तोंडून सगळं निघालं. रडले न्हाई. शिव्या दिल्या, ते जास्त उपयोगी पडतं. मेंढरंवाली फक्त म्हणली की ह्या जावयाला तिकडून कोणी पुसत न्हाई म्हणून तो सारखा चिडक्यावानी ट्यूब बडवत असतो का. पुढच्या आठवड्यात दुपारची गर्दी सरल्यावर बघते तर एका पातेल्यात पुरण, एकात तेल, अन् धाब्याचा मालक आपल्याच धाब्यात आपल्याला कोण इचारतं असं तोंड करून बाहेर खाटंवर बसलेला. परळीवाली सडक ओलांडून ह्यांच्या दुकानावर गेली अन् म्हणली, दाजी, उठा, सासुरवाडीला जायचंय.

हे आले ते काळ्या हातानं अन् काळ्याच पायानं. मेंढरंवालीनं त्यांना पाटावर उभं केलं अन् पाय धुवायला घेतले. पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, तिसरंबी काळंच. ती म्हणली, दाजी, तुमचा मूळचा रंग कोणता ते सांगा, म्हंजी कुठं थांबायचं ते मला कळंल. ह्यांनी कधी न्हाई ते हसून दाखवलं. अन् हातावर जाळीदार काय ठेवावं, तर अनारशाला सवड न्हव्हती म्हणून परळीवालीनं बीडच्या बाजारातून जाळीची बनियन आणलती. वान म्हणून. ह्यांनी ती तिथंच चढवली, वरून सदराबी घातला न्हाई, अन् तसेच जाऊन दुकानात बसले. आल्या-गेल्या डायवरला सांगायचे, सासुरवाडीची हाय. त्या दिवसापासून तिसऱ्या वर्षी धोंड्याला त्यांना बनियन येती, अन् आधीची फाटून तिची मूळची जाळी कोणती अन् नंतरची कोणती ते ओळखू येत न्हाई तवर हे ती सोडत न्हाईत.

तिथून पुढं त्या घरात घुसल्या त्या घुसल्याच. मी काय दार उघडलं न्हव्हतं, त्यांनी इचारलंबी न्हाई. ह्यांच्या पायावर जॅक पडला तवा मेंढरंवाली पंचरच्या दुकानावर जाऊन बसली. मी म्हणलं, तुला येतं काय त्यातलं? ती म्हणली, न्हाई आलं तरी गिऱ्हाईक धरून ठेवते, दाजी बरे झाले की काढतील. अन् खरंच धरून ठेवलं तिनं. एकाच्या ट्यूबमधी हवा भरली ती ट्यूब फुटंपर्यंत, अन् त्यालाच म्हणली, बघ, किती कच्ची होती, बरं झालं इथंच फुटली. माझ्या पोरीच्या लग्नात तर ऐन अक्षतांच्या वेळी मामा सापडंना. तुझा लेक मांडवाच्या मागं आपल्या चपला हुडकत होता. भटजी घाई करायला लागले, मामा कुठं हाय, मामा कुठं हाय. परळीवालीनं पदर झटकला, पोरीच्या मागं जाऊन उभी राहिली अन् म्हणली, मामाच हाय म्हणा, चालू करा. फोटूत बघ, तुझ्या नातीच्या मागं मामाच्या जागी एक बारकी बाई उभी हाय अन् तिचा रागीट चेहरा असा की कोणी हलवून दाखवावं.

आमी एकमेकीला कधी चांगलं बोललो न्हाई. त्या माझ्या भाजीला नावं ठेवतात, मी त्यांच्या सुनांना. पण धाबा बंद पडला, सडक मोठी झाली, दुकान आत सरकलं, गुडघे गेले, तरी दर बाजारच्या दिवशी तिघी एकत्र बसून कोणाला तरी शिव्या देतोच.

आता यंदाचं ऐक. तुझा नातू सरपंचाला उभा राहायलाय. गेवराईच्या अलीकडचं आपलं गाव तुला ठावं हाय, तिथं वाळूवरून निम्मं गाव निम्म्या गावाशी बोलत न्हाई. समोरच्या गड्यानं पारावर बसून म्हणलं की जो घरातल्या आत्याला धोंड्याला बोलवत न्हाई तो गावाला काय सांभाळणार. बरोबरच म्हणला. मी त्याला मत दिलं असतं. पण त्यानं झालं काय, तुझ्या नातवाला आत्याची आठवण झाली. अन् आठवण झाली ती ज्या दिवशी परळीवालीच्या घरी पुरण शिजायलं होतं त्याच दिवशी सकाळी. पांढरी गाडी दारात. "आत्या, चला, बाबांनी बोलावलंय, गावातल्या समद्या लेकींचे धोंडे हाईत, मामांचाबी सत्कार हाय." मामा म्हंजी हे. ते बनियनवर उभे होते.

मी गाडीतूनच परळीवालीच्या दारावरनं गेले, सांगायला. दोघी तिथंच होत्या, हात पुरणात. मी म्हणलं, भावानं बोलावलंय. परळीवालीनं हातातलं फडकं झटकलं, परत झटकलं, त्याच्यात काय उरलं असंल ते सगळं माझ्या तोंडावर. मंग म्हणली, "जा की बाई. खरं माहेर ते. आमी काय, चुलीची वळख." मेंढरंवाली गाडीकडं बघून म्हणली, लई ऊन हाय, काचा लावून घ्या. माय, मला शिव्या चालतात. हे असं चांगलं बोलणं मला चालत न्हाई. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणले, दोन्हीकडं जेवू, त्यात काय. त्यांना काय, पोटाचा इचार झाला की त्यांचा इचार झाला.

मंडपाचं तुला सांगितलंच. वर बॅनर, त्याच्यावर तुझ्या नातवाचं तोंड बैलगाडीएवढं, अन् आमी लेकी खाली बारीक अक्षरात. आचाऱ्यानं केलेले धोंडे, आत पुरण इतकं थोडं की कुठून आत गेलं असंल तिथूनच परत निघून गेलं असंल. जावयांची वेगळी रांग. हे मधी बसले. सगळ्यांना टोपी, टॉवेल, नारळ. पाय धुवायची वेळ आली तवा तुझ्या नातवानं एकाच्या पायावर तांब्या धरला, फोटू काढला, अन् बाकीच्यांचे पाय धुतले असं माईकवरून सांगितलं. ह्यांनी चप्पल काढून पाय पुढं करून ठेवलते, ते तसेच. मला त्या पायाकडं बघवंना. घरून घासून आणलते.

पण तुझा लेक माझ्याजवळ येऊन बसला, ते बी सांगते, न्हाईतर तू म्हणशील एकीकडचंच सांगितलं. त्याला आता ऐकू येत न्हाई. घरात त्याचं कोणी ऐकत न्हाई, अन् तोबी कोणाचं ऐकत न्हाई, असं बरोबरीनं चाललंय. तो खुर्ची ओढून बसला, माझ्या ताटातला धोंडा उचलला, मोडून बघितला अन् म्हणला, "आक्का, मायीच्या हातचं पुरण न्हाई हे." मी म्हणलं, मायीच्या हातचं माझ्या कधी वाट्याला आलं, मला काय इचारतोस? त्याला ऐकू गेलं न्हाई. त्यानं अर्धा धोंडा खाल्ला अन् अर्धा माझ्या ताटात परत ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. साय खाऊन खाऊन पोट भरलं की ठेवायचा ना, तसाच. मी तो खाल्ला. लबाडी कशाला करू, मला बरं वाटलं.

म्हणून तर मी इचारलं. मोठ्यांदा, कानाला तोंड लावून, की मी मेल्यावर माझी साडी आणशील का रे. आजूबाजूच्या चार लेकी वळून बघायला लागल्या. तुझा लेक म्हणला, "साडी? मी न्हाई तर कोण आणणार?" अन् त्याच्या डोळ्यात पाणी आलं, म्हातारा झालाय. पण तुझ्या नातवानं ते ऐकलं. तो हात जोडून हसत आला, ते हसणं त्याच्या तोंडाला चिकटलंय आता, झोपेत बी असंल. म्हणला, "आत्या, तुमी कायबी काळजी करू नका. बाबांना तरास कशाला? फोन आला की गाडीनं साडी पोच होईल. माणूस पाठवून देतो." माणूस पाठवून देतो. गॅसची टाकी मागवली असती तर बी असंच म्हणला असता. तुझा लेक त्याच्या तोंडाकडं बघायला लागला, काय म्हणला ते त्याला कळलं न्हाई, अन् मान डोलवली.

परत येताना गाडी मिळाली न्हाई, ती दुसऱ्या लेकींना सोडायला गेलती. यष्टीनं आलो. परळीवालीच्या दारात गेलो तर दोघी तशाच बसलेल्या, पुरण झाकलेलं, तेल थंड झालेलं. मेंढरंवालीनं मला इचारलं न्हाई, ह्यांनाच इचारलं, दाजी, पाय धुतले का तिकडं? हे न्हाई म्हणले. बस, तिला एवढंच पाहिजे होतं. ती उठली, गुडघ्याला शिव्या देत घंगाळ आणलं, अन् परळीवालीनं तेल परत चुलीवर चढवलं. ह्यांचं पोट तिकडंच गच्च झालतं. पण जावयानं पानावरून उठायचं न्हाई. एक धोंडा, दुसरा, तिसऱ्याला त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आता साडीचं नंतर, आधी त्यांच्याच धोतराचं बघावं लागंल. मी म्हणलं, खा, दोन्हीकडं जेवायचं म्हणत होतात ना. शेवटी भिंतीला टेकले ते तिथंच घोरायला लागले, नवी बनियन छातीवर धरून.

तवा मी त्या दोघींना सांगितलं, नातू माणूस पाठवणार हाय म्हणून. मी हसवायला सांगितलं. त्या हसल्या न्हाईत. मेंढरंवाली आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, अन् ती एक साडी घेऊन बाहेर आली. पोपटी. इतकी पोपटी की भुईमुगाच्या शेतात ठेवली तर शेत फिकं पडंल. म्हणली, दोघींनी मिळून आणून ठेवलीय, कवाच आणलीय, तुझ्या मागच्या दुखण्यात. माझी तळपायाची आग मस्तकाला. मी म्हणलं, मी मरते कवा ह्याची वाट बघायल्यात का? अन् असला रंग? मेल्यावर मला काय मिरची म्हणून इकायचंय?

परळीवालीनं माझ्या हातातली साडी घेतली, झटकली, घडी घातली. ती कधी हळू बोलत न्हाई, तवा बोलली. "बाई, साडी आणणं अवघड न्हाई. पण तुझ्या दारात आमी उभ्या राहिलो अन् तुझ्या भावकीनं इचारलं, ह्या कोण, तर आमी काय सांगायचं? तू आत्ताच तोंडानं सांगून ठेव. न्हाईतर आमाला दारातून मागं फिरावं लागंल, अन् ह्या वयात मला ते झेपायचं न्हाई." मेंढरंवाली खाली बघून म्हणली, मेंढरांनाबी अंगावर रंगाची खूण असती, कोणाची ते कळायला. आमच्याकडं काय हाय?

मी म्हणलं, उशीर झाला, ह्यांना उठवा. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला उत्तर आलं न्हाई, अन् त्या दोघींनी ते बघितलं. म्हणून हे लिहायला बसले.

कारण मला तू गेलीस तो दिवस आठवला, माय. चैतातलं ऊन. सकाळी गेलीस, अन् मामाची साडी आल्याशिवाय उचलायचं न्हाई असं सगळ्यांनी ठरवलं. मामाची यष्टी वाटंत बंद पडली. तुला अंगणात लिंबाच्या सावलीत ठेवलं, सावली सरकली की तुझी खाट सरकवायची, परत सावली सरकायची. मांडवाएवढी माणसं जमलेली, सगळी वेशीकडं बघायली. मामा दिवस कलायला आला, साडी काखंत, घामानं भिजलेली. पण मी त्या दिवशी रडून रडून वेशीकडं न्हव्हते बघत, तुझ्याकडंच बघत होते. तुझ्या उशाशी एक बाई सकाळपासून बसलेली. तुझ्याबरोबर पाण्याला यायची तीच, पलीकडच्या गल्लीतली. पदरानं तुझ्या तोंडावरच्या माश्या हाकलायली, वारा घालायली, हात बदलून बदलून. सावली सरकली की खाटंला पहिला हात तिचा. तिला कोणी पाणी इचारलं न्हाई, मीबी न्हाई. मामा आल्यावर बायांनी तिला बाजूला हो म्हणलं, घरच्यांना पुढं येऊ दे म्हणलं, अन् ती झाली. निघून गेली. ती बी आता तुमच्याकडंच हाय, लई वर्षं झाली.

मामाची साडी भारी होती, सगळे म्हणले. पण दिवसभर तुझ्याजवळ होतं कोण, ते मी बघितलंय.

तर माझं ठरलं. उद्या बाजारचा दिवस हाय. मी भावकीला, ह्यांना अन् पोरांना बसवून सांगणार, की पहिली साडी ह्या दोघींची. तुझ्या लेकानं आणली, स्वतःच्या पायानं आणली, तर दुसरी त्याची, अन् त्या साडीला मी नावं ठेवणार न्हाई. माणूस पाठवला तर माणसाला चहा देऊन परत पाठवा. कोणी इचारलं ह्या कोण, तर माझं माहेर म्हणायचं, अन् ज्याला पटत न्हाई त्यानं खांदा द्यायला येऊ नये, मी काय तशी जड न्हाई. हे मी त्या दोघींना गोड बोलून सांगणार न्हाई, त्यांना सवय न्हाई, घाबरतील. ओरडूनच सांगीन.

अन् एक, तू कोणाला सांगू नको. पोपटी साडी मी घरी घेऊन आले, रंग बदलून आणते म्हणून. हे झोपल्यावर दार लावून अंगावर धरून आरशात बघितली. चांगली दिसती मला. बदलणार न्हाई.

आता तुला इचारलेलं राहिलं. त्या दिवशी तुला जास्त कशाचं बरं वाटलं, मामाच्या साडीचं का त्या वाऱ्याचं, ते मला पाहिजे. पण तू गप बस. तू भावाचीच बाजू घेशील, तुझा स्वभाव मला ठावा हाय. ती तुझ्या उशाशी बसायची ती असंल तिथं कुठंतरी, तिला हाक मार. उत्तर तिनंच द्यायचं.